सुशीलाच्या अंगणात पडलेली जरीब

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्त वस्तूंच्या खोलीत, खिळ्याला लटकलेली ही जुनी जरीब, म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी, ती मी. मला शंभर कड्या आहेत आणि दोन टोकांना पितळी मुठी. नागपूरच्या एका लोहाराने मला घडवले. पुढे वीस वर्षे पटवाऱ्याबरोबर मी रामाकोना गावाकडची कापसाची शेते मोजली. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणारे भाऊ माझे माप पाहून गप्प बसत. तेव्हा मला फार मान होता.

१९८४ साली नव्या रेल्वेमार्गाच्या मोजणीसाठी ठेकेदाराच्या माणसांनी मला पटवाऱ्याकडून मागून नेले. माझे टोक धरायला देवीदासला रोजीवर ठेवले. तो नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतला. रेल्वे कुठून जाणार, हे गावात कोणालाच सांगितले नव्हते. देवीदासलाही नाही. तिसऱ्या दिवशी गावातले बागायतदार भगवंतराव यांच्या संत्र्याच्या बगीच्यात खुंट्या ठोकत आम्ही वस्तीत शिरलो, आणि मी देवीदासच्या बहिणीच्या, सुशीलाच्या, अंगणात पडले. पुढची खुंटी तिच्या चुलीजवळ येणार होती.

"कोणाले इचारून मोजून राहिला, दादा?" सुशीलाने विचारले.

देवीदासने माझी मूठ खाली ठेवली. "मी नाही धरत आता," तो ठेकेदाराच्या मुकादमाला म्हणाला.

मुकादमाने मलाच उचलून फिरवले. माझी मूठ देवीदासच्या डाव्या डोळ्यावर बसली. मला थांबता येत नव्हते. दुसऱ्या फटक्यात त्याची भुवई फाटली. सुशीला मध्ये पडली, तर तिसरा फटका तिच्या मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला.

मग वस्ती धावून आली. बगीच्यात ठोकलेल्या खुंट्यांनी चिडलेले भगवंतराव आणि त्यांचे मजूरही कुऱ्हाडी घेऊन वस्तीच्या मदतीला आले. मुकादमाला दगडांनी इतके ठेचले, की त्याचे दात मातीत पडले. ठेकेदाराची जीप पेटली. दुपारी पोलीस आले. लाठ्यांनी म्हाताऱ्यांनाही सोडले नाही. रक्ताने चिकट झालेली मी जप्त झाले.

महिन्याभराने जिल्ह्याहून आलेल्या एका साहेबांनी ठाण्यातच चौकशी केली. टेबलावर मी होते आणि शेजारी रेल्वेमार्गाचा नकाशा. डोळ्याला पट्टी बांधलेला देवीदास त्यावर वाकला.

"साहेब, यात आमची वस्ती कुठं हाये?"

साहेबांनी बोट ठेवले. तिथे 'पडीत जमीन' लिहिले होते.

"पडीत कशी?" सुशीला म्हणाली. "एकतीस घरं हायेत. मी सांगतो, तुमी लिवा."

ती एकेका घराचे नाव घेत गेली आणि साहेब पेन्सिलीने चौकोन काढत गेले. बराच वेळ लागला. त्यानंतर तो मार्ग रद्द झाला. पण देवीदासचा डोळा गेला तो गेलाच, आणि मुकादमालाही पुन्हा नीट बोलता आले नाही.

मित्रांनो, मी कधी खोटे माप दिले नाही. तरी माझ्यामुळे रक्त सांडले. तुम्ही मोठे होऊन रस्ते, धरणे, रेल्वे बांधाल. मोजायला जाल तेव्हा आधी दारासमोर उभे राहा, हाक द्या, आणि आतून कोणी बाहेर येईपर्यंत साखळी उलगडू नका.