लाल ठिपक्याच्या बशा

टेबलावर बारा बशा होत्या. सहांच्या झाकणावर हिरवा ठिपका, सहांच्या झाकणावर लाल. हिरव्या बशांतल्या पेशींना नुसतं पोषक पाणी मिळालं होतं. लाल बशांतल्या पेशींना त्याच पाण्यातून दोन दिवस चरबी. खिडकीजवळचा तापमापक तेरा अंश दाखवत होता. ऑक्टोबर अर्धा सरला तरी अल्माटीतल्या इमारतींच्या खोल्या उबवणाऱ्या नळांत गरम पाणी सोडलं नव्हतं, आणि बाल्कीयाच्या पांढऱ्या कोटाखाली दोन स्वेटर होते.

"सहावी हिरवी?" आयसाउलेनं पेन सरसावून विचारलं.

"दोनशेत एकवीस सुरकुतलेली." बाल्कीयानं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. "आता लाल दे."

लाल बशीत निळ्या रंगानं उजळलेली केंद्रकं दिसू लागली. गोल, गोल, मग एक सुरकुतलेलं, उन्हात वाळलेल्या जर्दाळूसारखं. शेजारी आणखी एक. अंगठ्याखालचं मोजयंत्र टिकटिकत राहिलं.

"चौऱ्याण्णव."

"चौऱ्याण्णव!" आयसाउले खुर्चीवरून उठलीच. बाल्कीयाला ती आदरानं आपाय, म्हणजे मोठी ताई, म्हणायची. "आपाय, कालपेक्षा एकानंही कमी नाही. तुमच्या डोळ्यांची दृष्ट काढायला हवी."

"आधी उरलेल्या पाच होऊ देत."

त्या पाचही तशाच निघाल्या. परवा आयसाउले प्रबंध मांडणार होती. खाल्लेली चरबी पेशीच्या पडद्यात मिसळते, केंद्रकाभोवतीचा पडदाही तिच्यामुळे ताठ होतो आणि केंद्रक सुरकुततं, हे तिचं म्हणणं. त्याला पुरावा बाल्कीयाच्या तीन आठवड्यांच्या मोजणीचा. याच कामावर छापून येणाऱ्या लेखावर बाल्कीयाचं नाव तिसरं होतं. एकतीस वर्षं या संस्थेत तिनं दुसऱ्यांच्या पेशी मोजल्या, पण छापील कागदावर नाव यायची ही पहिलीच वेळ. लेखाचं पहिलं पान तिनं सुनेला फोनवर दोनदा वाचून दाखवलं होतं.

दुपारी दोघी खाली खाणावळीत गेल्या. मटणाचा रस्सा समोर आला, आणि आयसाउलेनं परीक्षक काय विचारतील हे सांगायला सुरुवात केली. ती बोलत राहिली, बाल्कीया ऐकत राहिली.

"ए, गप्पा काय मारताय!" वाढणारी ऊम्सिन पलीकडून ओरडली. "रस्सा बघा तुमचा. आणि त्या पोरीच्या हातातलं गार पाणी काढ आधी. मटणावर गार पाणी पितात का? पोटात चरबीचा दगड होईल. चहा घ्या, कढत!"

"ऊम्सिन आपाय, पोटात सदतीस अंश असतात," आयसाउले हसत म्हणाली. "तिथं काही गोठत नाही."

"तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव. चहा पी."

बाल्कीयानं आपल्या वाडग्याकडे पाहिलं. रश्श्यावर पांढरी साय धरली होती. तिनं चमच्यानं टोचलं तर ती मोडली नाही, सुरकुतली. शेजारच्या कोशिंबिरीतलं सूर्यफुलाचं तेल मात्र तसंच पातळ होतं.

तिच्या हातातला चमचा थांबला.

पोटात सदतीस. पेशी ठेवायच्या उबदार कपाटात सदतीस. टेबलावर तेरा.

कपाटाचं दार पुन्हापुन्हा उघडून ऊब घालवायची नाही म्हणून ती बाराही बशा एकदम बाहेर काढायची. आणि हिरव्या नेहमी आधी मोजायची, कारण चरबीच्या बशीतलं काही चुकून स्वच्छ बशीत जायला नको. घरीही ती चहाच्या वाट्या आधी धुवायची, मटणाची भांडी मागून. याच शिस्तीचं सगळे कौतुक करत. पण त्या शिस्तीपायी लाल बशा रोज तासभर जास्त गारठल्या होत्या, या रश्श्यासारख्याच.

"आपाय, जेवत का नाही?"

"भूक गेली."

जिना चढताना तिचे गुडघे दुखले नाहीत. दुखतात की नाही इकडे लक्षच नव्हतं. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? आठवड्यात नळ तापतील. पोरीचं परवा कौतुक होईल, तीन नावं छापून येतील. कदाचित चरबीच खरी असेल, थंडीचा काही संबंधही नसेल. कदाचित. पण उद्या दुसऱ्या कुणी उबदार खोलीत मोजलं तर? बोट दाखवलं जाईल ते पोरीकडे.

खोलीत आल्यावर तिनं दार लावलं.

"आयसाउले, बस. रागवायचं असेल तर मागून रागव." आणि तिनं सगळं सांगितलं.

आयसाउलेनं वही जवळ ओढली. मग म्हणाली, "तीन आठवडे, आपाय. आणि आज सांगताय?"

"आजच कळलं गं. वाडग्यात बघून."

"परवा प्रबंध आहे माझा! रश्श्याचं काय घेऊन बसलात?" तिचा आवाज चिरकला. तिनं वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "आणि बशांचा क्रम मी पण बघत होते ना. शेजारीच बसले होते."

"कपाटात किती उरल्यात?"

"राखीव दोन. एक हिरवी, एक लाल."

"मग मला सांगू नकोस कुठली कुठली ते."

आयसाउलेनं पाठ फिरवून दोन्ही झाकणांवर काळी पट्टी चिकटवली. सूक्ष्मदर्शकाखालची तापपट्टी सदतीसवर आणली, रंगाची बाटली हातात धरून कोमट केली. एक बशी थेट कपाटातून आली, लगेच मोजली गेली, मग दुसरी. बाल्कीयाचा अंगठा घामेजला होता. ती मनातल्या मनात म्हणत होती, सुरकुतलेली दिसू देत, खूप दिसू देत. पण न दिसलेल्या केंद्रकावर अंगठा दाबायची तिला सवय नव्हती. दुसरी बशी संपली तेव्हा तिनं मोजयंत्राचा आकडा पदरी पडला तसा आयसाउलेला दाखवला आणि चष्मा काढून पुसत बसली.

आयसाउलेनं पट्ट्या सोलल्या. वहीत दोन ओळी लिहिल्या, खाली तारीख टाकली आणि वही बाल्कीयाच्या सहीसाठी पुढं सरकवली.

हिरवी : दोनशेत एकवीस.

लाल : दोनशेत तेवीस.