गोणपाटाचे पंख

कैरोच्या टीव्ही केंद्रात शिवणकामाला लागून इन्साफबाईंना जेमतेम महिना झाला होता, पण रंगांच्या बाबतीत कोणाचं ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. वीस वर्षं नाटकांचे कपडे शिवलेले. कोणी डाळिंबीला नुसतं लाल म्हटलं की तिथल्या तिथे त्याची हजेरी घ्यायच्या. नाटक कंपनीच्या मालकाशी भांडून काम सोडलं, तेही असल्याच एका रंगावरून.

रमजानच्या कोड्यांच्या कार्यक्रमात नर्तिका जीलान फुलपाखरू होऊन नाचणार होती. इन्साफबाईंनी डाळिंबी रेशमावर हिरवेगार ठिपके जडवून पंख शिवले. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. मग कॅमेरा सुरू झाला, आणि पडद्यावर लाल कुठलं नि हिरवं कुठलं, काही पत्ता लागेना. सगळं एकजात काळपट! एकाहत्तर साल ते. टीव्हीला काळ्या-पांढऱ्यापलीकडे काही ठाऊकच नव्हतं.

"बाई, मी फुलपाखरू मागितलं होतं," दिग्दर्शक मुराद कपाळाला हात लावून म्हणाला. "तुम्ही वटवाघूळ दिलंत. उद्या दुपारपर्यंत जमवा, नाहीतर आपलं नाटकच बरं तुम्हाला."

नाटकाकडे परत जायला तोंड कुठे होतं? इन्साफबाईंनी चिंध्यांचं गाठोडं उचललं आणि कॅमेरावाल्या रिज्कला गाठलं.

"बाळा, एकेक तुकडा धरते. पडद्यावर कसा दिसतो ते बघू."

"मावशी, शंभर तुकडे आहेत!"

"मग लवकर सुरू कर."

उंची रेशमं पडद्यावर मातीमोल झाली. उलट गोणपाट मखमलीसारखा दिसला, आणि आजारी माणसाच्या तोंडासारखं पिवळं कापड चक्क चांदीसारखं चमकलं. इन्साफबाईंचा जीव तुटत होता, पण हात थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोणपाटाचे नवे पंख बघून जीलान किंचाळली, "हे पायपुसणं मी घालू? मेले तरी घालणार नाही!"

"पोरी, या खोलीत तुला बघायला आहेत दहा माणसं, तीही पोटापाण्यासाठी," इन्साफबाई म्हणाल्या. "बाकीचे सगळे तिकडे आहेत." त्यांनी ते पंख तिच्या खांद्यांवर बांधले आणि तिला धरून पडद्याकडे वळवलं.

जीलानने हळूच एक हात उचलला. मग दुसरा. नंतर तिला थांबवता थांबवता मुरादच्या नाकी नऊ आले.

रमजानच्या पहिल्या दिवशी रोजा सोडून इन्साफबाईंची अख्खी गल्ली शेजारच्या उम्म सलामाच्या खोलीत जमली, कारण टीव्ही फक्त तिच्याकडे. हातात कुनाफा मिठाईच्या बशा, डोळे पडद्यावर. फुलपाखरू आलं तशा बशा तशाच राहिल्या.

"काय गुलाबी आहेत गं पंख!" एक जण म्हणाली.

"गुलाबी? डोळे तपासून घे! मोरपंखी निळे आहेत."

"केशरी आहेत, केशरी! कडेला बघ की," उम्म सलामा ओरडली.

भांडण पेटलं. शेवटी सगळ्या इन्साफबाईंकडे वळल्या. "तू शिवलेस ना? मग तूच सांग, खरा रंग कुठला?"

गोणपाट हा शब्द इन्साफबाईंच्या ओठांवर आला होता. आयुष्यात रंगाबद्दल त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या.

"गप्प बसा गं जरा," त्या म्हणाल्या. "मलाही आत्ताच दिसायला लागलाय."