वर टाकलेला वेबकॅम

मी एक जुना वेबकॅम आहे. मित्रांनो, हे वाचून कुणाला माझी कीव येणार असेल, तर त्याने ती आपल्याजवळच ठेवावी. मला तिची गरज नाही.

माझे पहिले काम साधे होते. परदेशी कामाला गेलेल्या एका मुलाला त्याच्या आईचा चेहरा दाखवायचा. आई रोज वेण्या घालून माझ्यापुढे बसायची. पुढे घरात फोन आले आणि माझी रवानगी एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारात झाली. बोलिव्हियातल्या या उंच, गारठलेल्या शहरात काहीही टाकून देत नाहीत, सगळे विकायला मांडतात. नार्सिसाबाईच्या पथारीवर मी गंजलेल्या नळांशेजारी पडून राहिलो.

तिथे देल्फिना आली. कपडे शिवणारी बाई, जिभेने तिखट. तिला दुर्बिणीला लावायला स्वस्तातला वेबकॅम हवा होता.

"दुर्बिणीला? शेजाऱ्यांच्या घरात डोकावणार की काय, ताई?" नार्सिसाबाईने विचारले.

"शेजाऱ्यांचं सगळं तुझ्याकडेच कळतं की. मला आकाशातला गुरू बघायचाय."

नार्सिसाबाईने एक नवाकोरा, चकचकीत वेबकॅम पुढे केला. खोक्यावर मेगापिक्सेलचे मोठमोठे आकडे होते. देल्फिना आकड्यांना भुलली, सगळेच भुलतात. आता इथे कुठलाही सौदा वर काहीतरी टाकल्याशिवाय पुरा होत नाही, तुमच्याकडे भाजी घेतल्यावर फुकट कोथिंबीर टाकतात तसेच. नार्सिसाबाईने इकडेतिकडे पाहिले आणि मला उचलले. "हा घे वर. नाही चालला तर वायरीवर कपडे वाळत घाल." मला संताप आला. पण तोंड नसलेल्याने बोलायचे कसे?

घरी गेल्यावर कळले की प्रकरण गंभीर आहे. देल्फिनाचा बाप सेवेरो जन्मभर काचा कापत आला होता. दुर्बिणीचा आरसा त्याने स्वतः घासला होता, पिंपावर ठेवून त्याभोवती गोल गोल फिरत, दोन हिवाळे. त्या आरशात गुरूवरचे दोन पट्टे स्वच्छ दिसायचे. अलीकडे मात्र त्याला नुसता पिवळा डाग दिसत होता. आरसा बिघडला, असे त्याने ठरवून टाकले. रविवारी कुरुंदाची पूड घेऊन तो पुन्हा घासायचा, असा त्याचा बेत होता. एकदा ती पूड लागली की जुनी झिलई कायमची जाणार, आणि नवी आणायला हातात आता ती ताकद नव्हती.

खरे तर डॉक्टरांनी त्याला मोतीबिंदू सांगितला होता. पण डोळ्यातले भिंग काढायचे हे ऐकताच तो दवाखान्यातून उठून आला होता. "भिंग काढल्यावर उरेल काय? भोक?" तो म्हणायचा. डॉक्टर नवे भिंग बसवतात, हे तो ऐकूनच घेत नसे. म्हणून देल्फिनाला असे चित्र हवे होते ज्यात कुणाच्याच डोळ्याचा संबंध नाही.

आधी चकचकीताची पाळी आली. दुर्बिणीला लावायचे तर वेबकॅमचे स्वतःचे भिंग काढावे लागते, मग आरशाचा उजेड थेट चित्र टिपणाऱ्या आतल्या चकतीवर पडतो. त्याचे भिंग चिकटवलेले निघाले. देल्फिनाने जोर लावला आणि तो तडकला.

"आकडे बघून घेतलास," बाप म्हणाला. "नवराही असाच निवडला होतास."

"नवऱ्याला निदान तुम्ही पसंत केलं होतं, बाबा."

मग तिने मला घेतले. माझे भिंग पेचाचे होते, सहज फिरून तिच्या हातात आले. खोटे कशाला बोलू, मी घाबरलो होतो. तिने फिल्मच्या रोलच्या डबीचा तळ कापला, डबी माझ्या तोंडावर बसवली आणि डोळा लावायच्या नळीत मला सरकवले.

संध्याकाळी गच्चीवर गारठा पडला. दोघे बापलेक आपीचे, म्हणजे मक्याच्या पेयाचे, गरम पेले धरून कुडकुडत होते, पण थंडीत माझ्या चित्रातला रवाळपणा कमी होतो. गुरू माझ्यासमोरून सरकत गेला. हवा थरथरत होती आणि तो उकळत्या पाण्याच्या तळाशी असावा तसा हलत होता. मी चित्रे पाठवतच राहिलो. देल्फिनाने त्यातली स्थिर चित्रे निवडली, संगणकावर एकावर एक रचली आणि आलेला गुरू ताटाएवढा मोठा केला.

सेवेरोने पडद्याला नाक लावले. दोन पट्टे होते. कडा धारदार होत्या.

"हे यानं काढलं? भिंग नसताना?"

"भिंग नसताना. आरसा तुमचाच आहे, बाबा. त्यात खोट नाही."

"म्हणजे खोट माझ्यात."

देल्फिना 'हो' म्हणाली. त्या वेळी तिचा तिखट आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

रविवारी पुडीचा डबा उघडलाच नाही. सेवेरो दवाखान्यात गेला आणि डॉक्टरांना म्हणाला, "काढा. पण चिकटवलेलं आहे की पेचाचं, ते आधी बघून घ्या."

पट्टी सुटली त्या संध्याकाळी मी नळीत तयार बसलो होतो. सेवेरो आला, त्याने मला धरून उपटले आणि पत्र्यावर ठेवले. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"बाबा, वायर तुटेल," देल्फिना ओरडली.

त्याने ऐकले नाही. नळीत बघायचे भिंग सरकवून तो डोळा लावून उभा होता. "दोन आहेत," तो म्हणाला. "दोन्ही आहेत." आणि तो रडू लागला.

मित्रांनो, जुन्या वस्तू कपाटात जपून ठेवा, असे मी सांगणार नाही. आमचे पेच उघडा, डब्या कापा, आम्हाला थंडीत राबवा. राबवून बघितल्याशिवाय मात्र निकालात काढू नका. आणि मला काढायचेच असेल, तर त्या म्हाताऱ्यासारखे काढा, स्वतःच्या डोळ्यांनी बघायची घाई झाली म्हणून.