काचेतले एकशे सदतीस

मी एक जुने, मुठीत मावणारे मोजणीयंत्र आहे. वरचा खटका अंगठ्याने दाबला की माझ्या छोट्या खिडकीतला आकडा एकाने वाढतो. बाजूची घुंडी फिरवली की सगळे पुन्हा शून्य. वजाबाकी मला येत नाही. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. मला आकडा कळतो, पण तो कशाचा हे फक्त दाबणाऱ्याला ठाऊक असते.

कारखान्यात मला नऊ हजार नऊशे नव्याण्णव वेळा दाबून तपासले. एकदाही चुकले नाही. मग एका दुकानातून मला मोजणीमावशीने घेतले. हे नाव तिला पुढे पडले. ती विद्यापीठाचे जिने झाडायची. त्या काळी ओढ्यापलीकडच्या वस्तीतली मुले प्रवेशाच्या खिडकीशी आली की नुसता पत्ता वाचून अर्ज परत केला जाई. कुणी जाब विचारलाच तर कार्यालयाचे उत्तर ठरलेले होते, "तिकडचं कुणी येतच नाही, तर नाकारणार कुणाला?"

मावशीने मला झग्याच्या खिशात ठेवले. एक जण परत गेला की एक खटका. एका हंगामात चारशे सतरा झाले. चौकशी बसली तेव्हा तिने मला साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "हे घ्या तुमचं 'कुणी येतच नाही'. मोजून आणलंय." पुढच्या वर्षी अर्जातून पत्त्याचा रकानाच गेला.

मावशी वारल्यावर विद्यापीठाने तिच्या नावाने समाजसेवेचा पुरस्कार सुरू केला. मला सभागृहाबाहेर काचेच्या पेटीत बसवले. खाली पाटी लावली: 'हिच्या हातून हजारोंची सेवा घडली.' हजारो कुठले? माझ्याकडे चारशे सतरा होते, आणि तेही परत गेलेले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याच आठवड्यात हुकूम आला आणि शिपाईकाकांनी घुंडी फिरवून मावशीचे चारशे सतरा पुसून टाकले.

दरवर्षी पुरस्काराच्या शर्यतीतले गट मला आळीपाळीने नेऊ लागले. जितकी माणसे, तितके गुण. मग काय विचारता! ब्लँकेटवाल्यांनी एकाच आजोबांना तीनदा ब्लँकेट दिले, कारण फोटो नीट येईना. खटके मात्र तीन पडले. झाडे लावणाऱ्यांनी खड्डेसुद्धा माणसांत धरले. टाळ्या पडत, आणि मी मनाशी म्हणे, कुठेतरी पाणी मुरतंय.

यंदा शेवटी मला नेले ते चष्मेवालीने. ही विद्यार्थिनी आणि तिचे मित्र दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत लोकांचे डोळे फुकट तपासत. त्या खोलीचे दार पाचला बंद करावे लागे. पुरस्कार मिळणाऱ्या गटाला मात्र तळमजल्यावरची मोठी खोली वर्षभर, रात्री आठपर्यंत मिळते. तिला तीच हवी होती.

दिवसभर लोक येत, भिंतीवरची अक्षरे वाचत. ती मला हातही लावत नसे. पाचला कडी वाजे, आणि मग तिचा अंगठा चालू होई. एक, दोन, सात, बारा. बंद दारातून कोण आत येते? मी ठरवून टाकले, हीसुद्धा त्यातलीच. चेहरा साळसूद, अंगठा चोर.

समारंभाच्या दिवशी कुलसचिवांनी मला उचलून आकडा वाचला. "एकशे सदतीस जणांची नेत्रतपासणी. ब्लँकेट गट एकशे बारा. म्हणजे यंदाचा पुरस्कार..."

"सर, थांबा," चष्मेवाली उठली. "तपासलेले शहाण्णव आहेत, वहीत नावं आहेत. यंत्रावरचे परत गेलेले आहेत."

"परत गेलेले?"

"जवळचा कारखाना पाचला सुटतो. लोक धावतपळत येतात तोवर आमची कडी लागलेली असते. दाराच्या काचेतून दिसतात. ढकलून बघतात आणि जातात."

शेजारची मैत्रीण पुटपुटली, "गप्प बसली असतीस तर खोली हातात होती. आता बस डोळे चोळत."

कुलसचिवांनी घसा खाकरला. "अगं, पण न झालेल्या सेवेला गुण कसे द्यायचे?"

"चौकशीचे जुने कागद वाचलेत मी, सर. मावशींनीही परत गेलेलेच मोजले होते."

 मग नियमांचे पुस्तक उघडले गेले, आणि पुरस्कार, खोलीसकट, ब्लँकेटवाल्यांना गेला.

समारंभ आटोपल्यावर शिपाईकाका मला पेटीत ठेवायला आले. त्यांनी घुंडीवर बोटे ठेवली, आकडा वाचला आणि बोटे काढून घेतली.

"शून्य केलंत ना?" कुलसचिवांनी जाता जाता विचारले.

"घुंडी अडकलीय, साहेब."

माझी घुंडी लोण्यासारखी फिरते. पण इतक्या वर्षांत हे पहिलेच खोटे, जे ऐकून मला बरे वाटले.

आता 'हजारोंची सेवा' या पाटीच्या वर माझा १३७ दिसतो. जाणारे-येणारे थबकून विचारतात, "हे कोण?" काका सांगतात. खोली अजून मिळालेली नाही. शनिवारी पाचला कडी लागतेच.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, वर्षातून थेंबभर तेल द्या. पण ते एकशे सदतीस जण आत येईपर्यंत माझ्या घुंडीला हात लावू नका. आणि कुणी मोठा आकडा सांगून टाळ्या मागितल्या, तर हात वर नेण्याआधी एवढे विचारा: दाराच्या आतले मोजलेत, की बाहेरचेही?