चार खोल्यांची शर्यत

एकोणीसशे बत्तीस सालचा शिमगा सरला आणि रत्नागिरीत जो तो एकच विषय काढू लागला. भाट्याच्या खाडीत होड्यांची शर्यत होणार होती.

शर्यत होती यमुनाबाईंच्या मुलांसाठी. नवरा गेल्यावर यमुनाबाईंनी मांडवीला एका जुन्या वखारीत मुलांचा आश्रम काढला होता. कुणाचा बाप दर्यावरून परतला नव्हता, कुणाला आई नव्हती, तर काहींच्या आया दिवसभर पोटामागे फिरत असल्यामुळे पोरांना सांभाळू शकत नव्हत्या. आता वखारीच्या मालकाला वखार परत हवी होती. लोकांनी डोक्यावरून चिरे वाहून खाडीकाठी चार खोल्यांच्या भिंती उभ्या केल्या. राहिलं होतं फक्त छप्पर.

कौलांचे व्यापारी सखारामशेट हौशी माणूस. त्यांनी भर बाजारात सांगून टाकलं की चार होड्या शर्यतीत उतरवा, आणि जितक्या होड्या निशाणाच्या बांबूपलीकडे जातील तितक्या खोल्यांची कौलं माझ्याकडून. वाशांचं गावानं बघावं.

गावाला उधाणच आलं. पावसहून बैलगाड्या भरून वासे आले. ज्यांच्याकडे लाकूड नव्हतं त्यांनी सुंभाच्या गुंड्या आणल्या, नारळ आणले, सुतारांनी चार दिवसांचं काम कबूल केलं. शर्यतीच्या सकाळी तर खाडीच्या दोन्ही काठांवर पाय ठेवायला जागा उरली नाही. पोरं माडांवर चढून बसली होती.

आणि नेमका त्याच सकाळी घोळ झाला. चौथी होडी भागोजी तांडेलाची. तिच्यावरचे गडी आंब्याच्या गलबतावर काम मिळालं म्हणून रातोरात मुंबईला निघून गेले होते. म्हातारा भागोजी रिकाम्या होडीशेजारी वाळूत बसून राहिला. चौथी होडी नाही म्हणजे चौथी खोली नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

तेव्हा कमळा पुढं आली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वादळात गेला होता. ती दारोदार मासळी विकायची आणि तिची मुलगी मथुरा यमुनाबाईंकडे राहायची. तिच्यामागं तिची शेजारीण गुणवंती होती, आणखी चारजणी होत्या. खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला या बायका रोज होड्या नेत, वल्हं त्यांच्या हातातलंच होतं. होडी आम्ही नेतो, असं कमळानं भागोजीला सांगितलं.

दुसऱ्या होडीचा तांडेल खंडू जवळच उभा होता. त्याला ते मुळीच पटलं नाही. शर्यतीत बायका उतरल्या तर दर्या कोपेल, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला.

"खंडूदादा," कमळा शांतपणे म्हणाली, "दर्याला माझं न्यायचं होतं ते त्यानं कदीच नेलंय. आता कोपून आणखी काय नेईल?"

खंडू आपल्या होडीकडे वळला. भागोजी उठला, लुंगीची वाळू झटकली आणि जाऊन सुकाणूवर बसला. बायकांनी पदर खोचले.

सखारामशेटांचं भाषण लांबलं, तेवढ्यात भरती ओसरायला लागली. अखेर ताशा कडाडला आणि चारही होड्या सुटल्या.

पहिल्यांदा बायकांची होडी मागंच राहिली. वल्ही एकमेकांना अडत होती आणि काठावर हशा पिकला होता. मग गुणवंतीनं हाळी द्यायला सुरुवात केली. तिच्या हाळीबरोबर सहा वल्ही एकदम पाण्यात पडू लागली, एकदम वर येऊ लागली. हशा थांबला. माडांवरच्या पोरांनी कमळाच्या नावानं आरडाओरडा सुरू केला. होडी खंडूच्या मागं येऊन भिडली.

खंडूला ते सोसवेना. अंतर वाचवायला त्यानं वाळूच्या दांड्यावरून होडी काढली. एरवी तिथं पाणी असायचं, पण ओहोटी लागली होती. त्याची होडी खरकन वाळूत रुतली. पुढच्या दोन होड्यांनी बांबू ओलांडला आणि ढोल वाजले. कमळाची होडी खंडूला मागं टाकून निघाली. बांबू समोर दिसत होता.

कमळानं मागं वळून पाहिलं. खंडूचे गडी गुडघाभर पाण्यात उतरून होडी ढकलत होते, होडी हलत नव्हती, आणि पाणी उतरतच होतं. तिनं वल्हं उचलून धरलं.

"काका, होडी फिरवा."

भागोजीनं तिला बजावलं की मागं गेलो तर आपणही रुतू, हातची खोलीसुद्धा जाईल. कमळानं बाकीच्यांकडे पाहिलं. गुणवंतीनं तोवर आपलं वल्हं उलटं मारायला घेतलं होतं.

काठावर क्षणभर कुणाला काही समजेना. मग दोर फेकलेला दिसला आणि गर्दी पाण्यातच उतरली. खंडूनं दोर नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, बांधला. बायकांनी जोर लावला, दोर ताणला, होडी जागची हलली नाही. पुन्हा गुणवंतीची हाळी उठली. या खेपेला तिच्याबरोबर खंडूचे गडी ओरडले, काठावरचे ओरडले, आणि वाळूनं होडी सोडली. गडी टुणकन आत चढले. दोर सोडायला कुणाला सुचलंच नाही. दोन्ही होड्या तशाच बांधलेल्या, बाया नि गडी एकाच तालावर वल्ही मारत, जवळजवळ कडेला कड लावून बांबूपलीकडे गेल्या. ढोल, ताशे, शिट्या यांत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना.

गर्दीतून कुणीतरी हरकत घेतली की ओढून आणलेली होडी धरता येणार नाही. ढोलताशे थांबले. यमुनाबाई शेटांकडे बघत राहिल्या.

"मी पलीकडे गेलेल्या होड्या म्हटलं होतं," सखारामशेट म्हणाले. "कशा गेल्या ते माझ्या बोलण्यात नव्हतं. कौलं चार खोल्यांची."

मग जो कल्लोळ झाला तो पार किल्ल्यावर ऐकू गेला असेल. यमुनाबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. खंडू पाणी तुडवत बायकांच्या होडीपाशी आला आणि होडी किनाऱ्याला ओढायला त्यानंच पहिला खांदा लावला. कमळाच्या तळहातांना फोड आले होते, तिला ते जाणवतही नव्हते.

मथुरा धावत पाण्यात शिरली आणि आईच्या कमरेला मिठी मारून विचारू लागली, "आये, तू कितवी आलीस?"

कमळानं गुणवंतीकडे पाहिलं. गुणवंतीनं भागोजीकडे पाहिलं. दोघींनाही हसू आवरेना. बांबूशी कुणाची नाळ आधी पोचली, ते त्या होडीतल्या एकीनंही पाहिलं नव्हतं.