फाटक लागलं का?

मी रेल्वे फाटकावरचा फोन बोलतोय. दचकू नका. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतोय, आणि तेही भीत भीत.

श्रीगोंद्याकडच्या उसाच्या शेतांत फाटकाशेजारी गेटमनची एक गुमटी आहे, तिच्या भिंतीला मी अडकवलेला. मला आकडे नाहीत, पडदा नाही, नुसता एक दांडा. तो गरागरा फिरवला की स्टेशनात घंटी वाजते. जगात तेवढीच माझी एक सोयरीक. तुमचे मोबाईल मला हसतात, हसू द्या.

काम एकच, पण जोखमीचं. गाडी येणार असली की स्टेशन मास्तर विचारतात, "फाटक लागलं का?" गेटमनने आधी फाटक लावायचं, कुलूप घालायचं आणि मगच माझ्यातून गुप्त नंबर सांगायचा. नंबर मिळाला म्हणजे फाटक बंद झालं, असं मास्तर कागदावर लिहितात आणि सिग्नल देतात. त्यांना फाटक दिसत नाही, फक्त मी ऐकू येतो. त्यामुळे मला कधी स्वस्थ झोप लागली नाही.

आधीचे गेटमन रखमाजी तोंडात तंबाखू धरून बोलायचे, तो वास अजून जात नाही. त्यांच्यानंतर जयमालाबाई आल्या. नवरा रेल्वेतच होता. तो वारला, त्याच्या जागी या लागल्या. गुमटीत त्यांनी बाबासाहेबांची तसबीर लावली. रोज सकाळी ओल्या फडक्याने आधी ती पुसायच्या, मग मला. एवढा मान मला कुणी दिला नव्हता. त्यांची लेक सृष्टी नगरला नर्सिंग शिकते. घर चालतं ते या नोकरीवरच.

लोकांचं मात्र काय सांगावं! एरवी पारावर अख्खी दुपार घालवणाऱ्यालाही बंद फाटक दिसलं की कुठली तरी घाई आठवते. गळिताच्या हंगामात तर विचारूच नका.

गेल्या हंगामातलीच गोष्ट. दुपारी मास्तरांनी प्रवासी गाडी येत असल्याचं सांगितलं आणि ते नंबरासाठी थांबले. बाहेर कल्याण नावाच्या पोराचा ट्रॅक्टर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या आणि वर ढणाढणा गाणी.

"ताई, येवढं जाऊ द्या की! कारखान्यात वजनकाट्यावरचा नंबर गेला, तर सांजपतुर बसावं लागंल तितं."

जयमालाबाईंनी खिडकीतून हात केला. "जा, पळ लवकर." आणि मास्तर खोळंबलेत म्हणून नंबरही देऊन टाकला. हा गेला की लगेच लावू फाटक, असा त्यांचा हिशेब. माझ्या तारेतून तो नंबर गेला आणि मला धस्स झालं.

ट्रॅक्टर पार झाला, पहिली ट्रॉली पार झाली. तेवढ्यात दोन ट्रॉल्या जोडणारी पिन तुटली आणि मागची ट्रॉली रुळांवरच बसली.

कल्याण धावत दारात आला. "ताई, फोन करू नका! नोकरी जायाची तुमची. आमी ढकलतो, आत्ता निघंल."

जयमालाबाई माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात लेकीचं शिक्षण आलं असणार. बाहेर ढकलणाऱ्यांचा नुसता गलका. ट्रॉली तसूभर हलत नव्हती. उचला बाई, उचला, मी मनात ओरडत होतो. माझी मेल्याची वाचाच अशी, की कुणी उचलल्याशिवाय फुटत नाही.

त्यांनी उचललं. दांडा फिरवला. पलीकडे कुणी घेईना. पुन्हा फिरवला.

"हां, बोला," मास्तर म्हणाले.

"मास्तर, गाडी थांबवा! फाटक उघडं हाय, ट्रॉली अडकलीय. नंबर खोटा दिला मी!"

मला तसंच सोडून, लाल झेंडी घेऊन त्या रुळांवरून गाडीच्या दिशेने पळाल्या. मी वायरीला लोंबकळत होतो. मास्तर वॉकीटॉकीवर ड्रायव्हरला ओरडत होते, तेही मला ऐकू येत होतं. मग लांबलचक शिट्टी, चाकांचा करकराट आणि एकदम शांतता. गाडी ट्रॉलीच्या अलीकडे, उसाच्या कडेला थांबली होती. माझा जीव भांड्यात पडला.

कल्याणने दुसरी पिन घातली आणि तो काट्यावर निघून गेला.

जयमालाबाई निलंबित झाल्या. फाटक उघडं असताना नंबर दिला, असं चौकशीत लिहिलं गेलं. ते खरंच आहे, मी त्यांची चूक झाकणार नाही. पण नंतरच्या फोनचं काय? साहेब म्हणाले, "ते तर त्यांचं कर्तव्यच होतं." आपल्याच तोंडाने आपली नोकरी घालवायला काय लागतं, हे साहेबांना कोण सांगणार? मी तर भिंतीवरचा फोन.

आता वाल्मिक नावाचा गेटमन आहे. माणूस चांगला, पण मला पुसत नाही. पुढे इथे भुयारी मार्ग होणार, मग मी भंगारात जाईन. त्याचं मला काही नाही. येत्या सोमवारी बाईंना वरच्या कचेरीत नोकरीच्या फैसल्यासाठी शेवटचं बोलावलंय, तिकडे माझं चित्त लागलंय.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. त्या दुपारी तुम्ही त्या गाडीत असाल, उसाच्या शेतात उगाच थांबली म्हणून कुरकुरला असाल, तर सोमवारी कचेरीत या. फार बोलू नका. तुम्ही जिवंत आहात, एवढं साहेबांना दिसू द्या.