डाग काढलेला फोटो

लोहाऱ्याच्या स्टँडवर जीपमधून उतरताना शिवकांतानं सहज मान वर केली आणि ती जीपच्या दारातच थांबली. समोर युवराजच्या फोटो स्टुडिओवर नवा फ्लेक्स लागला होता, आणि त्यावर तिची समृद्धी. एकदा नाही, दोनदा. काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने, केसांत अडकलेलं एक बोर. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणाचा फोटो. डावीकडच्या समूच्या गालावर जन्मापासूनचा जांभळा डाग. उजवीकडे गाल कोरा. वर मोठ्या अक्षरात 'आधी' आणि 'नंतर'.

तिनं कडेवरच्या समूच्या तोंडावर पदर ओढला. जीपची वाट बघणाऱ्या दोघी बाया वरच बघत होत्या.

"गिराणाचा डाग हाय गं तो," एक म्हणाली. "आईनं पाळलं नसंल."

हेच सासूबाई, धुरपताबाई, तीन वर्षं म्हणत होत्या. ग्रहणात सुनेनं विळीवर वांगी चिरली, म्हणून पोरीच्या तोंडावर उमटलं. शिवकांता बीएस्सी झालेली, तिला ते पटत नव्हतं. तरी बोरन्हाणाचा फोटो भिंतीवर लावायचा ठरला तेव्हा तीच युवराजला हळूच म्हणाली होती, तेवढा डाग काढा. घरात तरी कुणी बोलू नये, एवढंच तिला हवं होतं.

ती जिना चढून वर गेली. समूला स्टुलावर बसवलं.

"युवराजभाऊ, खाली काय लावलंय तुम्ही?"

"बघितलं व्हय वहिनी? लई गिऱ्हाईक यायलंय त्याच्यावर." तो हसला, मग तिचं तोंड बघून थांबला. "काय झालं?"

"मला विचारलं का?"

"फोटो म्या काढला, मेहनत माझी. काम दाखवलं न्हाय तर लोकं येणार कशी? समदे लावत्यात."

"नवरीचं लावा, देवाचं लावा. माझ्या लेकराचा डाग चौकात टांगायचा?"

"डाग काढा, असं तुमीच म्हणलात की." आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "असा काढला, नखाएवढा सुदिक राहिला न्हाय."

 शिवकांताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसा युवराज गडबडला. "बरं, रडू नका. 'आधी'चा फोटो कापतो. पर 'नंतर'चा राहू द्या. ती माझी कारागिरी हाय. त्यात डागच न्हाय, मग ती तुमची पोरगी हाय म्हणून वळखणार कोण?"

 "बरं," शिवकांता म्हणाली.

त्यानं लगेच खिडकीतून वाकून ब्लेडनं फ्लेक्सचा डावा भाग कापला, गुंडाळून तिच्या हातात दिला. खाली आल्यावर समूनं वर बोट केलं.

"आई, ती कोन?"

"तूच की गं."

समूनं स्वतःचा गाल चाचपला. "मला हाय," म्हणाली, आणि जीपमध्ये वाटभर गप्प बसली. एरवी शेरडं दिसली की ओरडणारी पोरगी. शिवकांतानं दोनदा कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

घरी आल्यावर तिनं गुंडाळी चुलीत घातली. प्लास्टिकचा घाण वास सुटला, तशा धुरपताबाई ओसरीतून ओरडल्या, "काय जाळायलीस गं?"

"कचरा हाय, आत्या."

चहा गाळून झाला तेव्हा समू जवळ नव्हती. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. शिवकांता धावली.

समू न्हाणीतल्या दगडावर उकिडवी बसली होती. हातात भांडी घासायचा काथ्या, आणि गाल लाल, एका जागी सोललेला. रडत नव्हती. मन लावून घासत होती.

"समू! काय करायलीस?"

"काकानं काढला की," समू म्हणाली. तिनं तोंड आईकडं वळवलं, दिसावं म्हणून मान वर केली.

"बघ. निघाला का?"